वेस्लीचं चॅपल, घर आणि तळघरातलं म्युझियम, सिटी रोड, लंडन : पाचपैकी साडेचार स्टार

आधी निकाल सांगतो मग पुराण, कारण सगळे खालपर्यंत वाचत नाहीत हे माहितीये मला. लंडनमध्ये अर्धा दिवस मोकळा असेल आणि तो पूल, ते घड्याळ, तो राजवाडा सगळं बघून झालं असेल तर सिटी रोडला जा. ओल्ड स्ट्रीट किंवा मूरगेट, कुठल्याही स्टेशनवर उतरा, चालत जाता येतं. एकाच आवारात तीन गोष्टी आहेत, १७७८ चं चॅपल, त्याच्याखाली तळघरात मेथडिस्ट लोकांचं (हा ख्रिश्चनांमधला एक प्रोटेस्टंट पंथ) म्युझियम, आणि बाजूला ते घर जिथे या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली आयुष्याची शेवटची वर्षं राहिला आणि १७९१ मध्ये वारला. मी गेलो तेव्हा तिकीट नव्हतं, दानपेटी होती. साडेचार स्टार. अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच.

खरं तर मी आधी एका वॉकिंग टूरबरोबर तिथे पोचलेलो, कंपनीचं नाव घेत नाही, त्यांच्या गाईडने आम्हाला गेटबाहेर उभं केलं, १९५१ मध्ये मार्गारेट थॅचरचं लग्न इथे लागलं एवढं सांगितलं, फोटो काढा म्हणाला आणि चला पुढे. आत नेलंच नाही. पैसे भरून गेटचा फोटो. त्यामुळे नंतर एकटाच परत गेलो आणि बरं झालं, कारण ही जागा घाईत बघायची नाहीच.

आता माझी पार्श्वभूमी सांगतो म्हणजे रिव्ह्यू कुठून येतोय ते कळेल. मी धार्मिक वगैरे माणूस नाही. पण एका छोट्या ट्रस्टचा खजिनदार आहे, बिनपगारी अर्थात, पावत्या फाडणे, बिलं लावणे, ऑडिटरच्या मागे लागणे ही कामं माझ्याकडे. त्यामुळे लोक तिथे जाऊन खिडक्यांची रंगीत काच बघतात आणि मी बघत बसलो की या बाबाने पैसे कुठून आणले, कोणाला दिले आणि हिशोब कोण ठेवायचं. आणि खरं सांगू का, वेस्लीचं करिअर त्या बाजूने बघितलं की जास्त मजा येते. प्रवचनं करणारे त्या काळात पुष्कळ होते, पण दर आठवड्याचा हिशोब लावणारा असा पाळक दुसरा सापडणं कठीण.

करिअरचा सुरुवातीचा भाग पटकन उरकतो. जन्म १७०३, लिंकनशायरमधलं एपवर्थ गाव, बाप तिथला रेक्टर म्हणजे गावच्या चर्चचा पाळक, आई सुझाना, एकोणीस पोरं झाली त्यातला हा पंधरावा. ऑक्सफर्ड, १७२५ ला डीकन (पाळकाची पहिली पायरी), १७२८ ला प्रीस्ट म्हणजे पूर्ण पाळक, शिवाय लिंकन कॉलेजचा फेलो, म्हणजे कॉलेजकडून मानधन मिळणारा सदस्य. म्हणजे आयुष्यभर आरामात बसून खाता येईल अशी सोय झालेली. तिथेच धाकटा भाऊ चार्ल्स आणि दोनचार मित्र मिळून एक गट करतात आणि १७३० पासून तुरुंगात जायला लागतात, कर्जापायी आत पडलेल्या लोकांना भेटायला, शिकवायला, जमलं तर सोडवायला. मग १७३५ ला अमेरिकेत जॉर्जियाला मिशनरी म्हणून जातो आणि तिथे पूर्ण फजिती. एका मुलीत जीव गुंतला, लग्नाचं ठरवता ठरवता वर्षभर घोळ घातला, तिने दुसऱ्याशी लग्न केलं, मग यानं तिला प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) नाकारलं, तिच्या नवऱ्याने कोर्टात खेचलं आणि १७३७ च्या डिसेंबरात साहेब सॅव्हानामधून निसटले. आज एखाद्या संस्थेत हे घडलं असतं तर सीव्हीमधून ती दोन वर्षं गायबच केली असती लोकांनी.

मग २४ मे १७३८, ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका बैठकीत त्याला तो प्रसिद्ध अनुभव आला, हृदयात ऊब जाणवली असं त्याने डायरीत लिहिलंय. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मी बोलत नाही. माझ्या दृष्टीने खरा बदल पुढच्या वर्षी झाला. चर्चवाले व्यासपीठ द्यायला तयार होईनात, तेव्हा जॉर्ज व्हाइटफील्ड नावाच्या मित्राने आग्रह केला म्हणून एप्रिल १७३९ मध्ये ब्रिस्टलजवळ उघड्या मैदानात बोलायला उभा राहिला, आणि समोर हजारो लोक. खाणकामगार, मजूर, चर्चमध्ये ज्यांना कोणी विचारत नव्हतं असे. आणि तिथून पुढे घोड्यावर बसला तो जवळजवळ शेवटपर्यंत. अडीच लाख मैल आणि चाळीस हजार प्रवचनं असा आकडा सगळीकडे सांगतात. लगाम सैल सोडून घोड्यावर पुस्तक वाचायचा म्हणे. म्हातारपणी बग्गी आली तर तिच्यात पुस्तकांचं कपाट बसवून घेतलं.

असो. आता मुद्द्याचं, म्हणजे फाउंडरी.

चॅपलपासून जवळच, मूरफील्ड्सला, तोफा ओतायचा जुना सरकारी कारखाना होता. १७१६ मध्ये तिथे स्फोट झाला आणि तो तसाच पडीक राहिला. १७३९ मध्ये वेस्लीने ती पडकी इमारत ११५ पौंडाला घेतली, दुरुस्तीला त्याच्या कितीतरी पट जास्त गेले (जुनी वास्तू घेणाऱ्या कुठल्याही ट्रस्टला हे सांगायला नको) आणि जवळपास चाळीस वर्षं तेच हेडऑफिस. ती इमारत आता नाहीये, पण तिथले काही जुने बाक सिटी रोडच्या चॅपलला लागून असलेल्या छोट्या प्रार्थनाघरात आहेत, त्यावर बसता येतं. साधी लाकडी बाकं. मी बसलो थोडा वेळ आणि डोक्यात हेच चाललेलं की या छपराखाली एकाच वेळी काय काय सुरू होतं. उपासना तर होतीच, त्याशिवाय गरिबांच्या पोरांची शाळा, दवाखाना, विधवांचं घर आणि कर्ज देणारा फंड.

दवाखाना १७४६ चा. वेस्ली डॉक्टर नव्हता, पण एक औषधवाला आणि एक सर्जन मदतीला घेतला आणि ठरवलं की साधे जुनाट आजार आपण बघायचे, अवघड केस असेल तर मोठ्या डॉक्टरकडे पाठवायची. पाच महिन्यांत पाचशेच्या वर लोकांना औषधं दिली, खर्च साधारण ४० पौंड. हे आकडे त्याने स्वतः लिहून ठेवलेत, आणि मला सगळ्यात जे आवडलं ते म्हणजे तो फुगवून सांगत नाही. नेमाने औषध घेऊन पथ्य पाळलेले ७१ जण पूर्ण बरे झाले असं लिहितो आणि लगेच पुढे, चारातले तीन जण पथ्य पाळतच नाहीत. आजच्या एनजीओंचे रिपोर्ट वाचा, लाभार्थी ५००, बरे झालेले ५००, समाधानी ५००. आणि आलेला माणूस आपल्या मंडळीतला आहे की बाहेरचा हे बघायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून.

कर्जफंड तर त्याहून भारी. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिंडून त्याने ५० पौंड जमवले. ते दोन कारभाऱ्यांच्या ताब्यात दिले, हे दोघं दर मंगळवारी सकाळी बसायचे आणि वीस शिलिंगपर्यंत (म्हणजे एक पौंड) कर्ज द्यायचे, तीन महिन्यांत परत करायचं. एवढ्याशा भांडवलावर एका वर्षात २५० माणसांना मदत झाली. म्हणजे तेच पैसे फिरत राहिले. आपल्याकडच्या बचत गटातल्या बायकांना हे समजावून सांगायची गरज नाही, त्या दोन मिनिटांत म्हणतील हो की, आम्ही हेच करतो. फरक एवढाच की हे १७४६ आहे, लंडनमध्ये वीस शिलिंगसाठी गरिबाला सावकाराकडे हत्यारं गहाण टाकावी लागायची आणि कर्ज बुडालं की तुरुंग.

पुढे फंड वाढला आणि मर्यादा पाच पौंडांपर्यंत गेली. आणि आता एक गंमत ऐका. जेम्स लॅकिंग्टन नावाचा एक चांभार होता, पुस्तकांचा नाद असलेला. त्याने जुन्या पुस्तकांचं छोटं दुकान टाकलं आणि भांडवलाला या फंडातून पाच पौंड घेतले. त्याच माणसाने पुढे रोकडा व्यवहार आणि कमी नफ्यावर धंदा करून लंडनमधलं अवाढव्य पुस्तकांचं दुकान उभं केलं, फिन्सबरी स्क्वेअरमध्ये, म्हणजे वेस्लीच्या चॅपलपासून हाकेच्या अंतरावर. आणि मग आत्मचरित्र लिहून त्यात मेथडिस्ट लोकांची यथेच्छ टिंगल केली! म्हातारपणी पश्चात्ताप होऊन परत मेथडिस्ट झाला आणि चॅपल बांधायला पैसे दिले तो भाग वेगळा. पण मला त्यातून दिसतं ते हे की पाच पौंड देताना तू आमच्याबद्दल चांगलं बोलशील ना अशी अट नव्हती. देणगी देणारे आणि घेणारे दोन्ही बाजूंनी बघितलेत मी, ही अट न घालणं किती अवघड असतं ते विचारा.

विधवांचं घर. दोन छोटी घरं भाड्याने घेतली, त्याने लिहून ठेवलेली यादी अशी, नऊ विधवा, एक आंधळी बाई, दोन गरीब मुलं आणि सांभाळायला माणसं. आणि मग तो सांगतो की मी आणि गावात असतील ते सगळे प्रचारक याच लोकांबरोबर, याच टेबलावर, हेच अन्न खातो. बस. यावर मी काही कॉमेंट करत नाही, आमच्या ट्रस्टच्या वार्षिक सभेला विश्वस्तांचं जेवण वेगळं असतं.

आणि कारभाऱ्यांसाठी केलेले नियम, १७४७ चे. पैसे वेळेवर मोजा, उधारी ठेवू नका वगैरे आहेच, पण त्यातले दोनतीन असे आहेत की छापून प्रत्येक सरकारी खिडकीवर लावावेत. मदत मागायला आलेल्याला वाईट शब्द नको आणि वाईट नजरही नको. मदत करता येत नसेल तर निदान दुखवू नका. त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. नजर सुद्धा! मागायला आलेल्याकडे कसं बघायचं याचा नियम अडीचशे वर्षांपूर्वी लिहितोय माणूस, कारण त्याने नक्कीच आपल्याच लोकांना तसं बघताना पाहिलं असणार, उगाच कोणी असा नियम करत नाही.

मग पैसे येत कुठून होते? याचं उत्तर मला वाटतं त्याच्या सगळ्या करिअरची किल्ली आहे, आणि ती लंडनची नाही, ब्रिस्टलची गोष्ट आहे. १७४२, तिथल्या सभागृहावर कर्ज होतं, ते कसं फेडायचं यावर चर्चा. कॅप्टन फॉय नावाचा एक माणूस उठून म्हणाला, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची. कोणीतरी म्हणालं की पुष्कळांना तेवढंही परवडत नाही. तर हा म्हणतो, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे लावा, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, देऊ शकले तर ठीक, नाहीतर त्यांची पेनी मी भरतो. झालं, बाराबाराचे गट पडले, गटप्रमुख घरोघरी जायला लागले आणि पेनी गोळा करता करता कळायला लागलं की या घरात नवरा पितो, त्या घरात पोर आजारी, इकडे खायला नाही. वेस्लीच्या लगेच लक्षात आलं की अरे, हीच तर मंडळीची देखभाल! वसुलीची पद्धत होती ती पंथाचा कणा झाली. लंडनमध्ये आजाऱ्यांसाठी शहराचे २३ विभाग पाडले, दोनदोन मिळून ४६ माणसं, प्रत्येक आजाऱ्याकडे आठवड्यातून तीन वेळा जायचं आणि दर आठवड्याला हिशोब कारभाऱ्याला दाखवायचा. मोठमोठ्या देणगीदारांच्या नादी लागलेल्या आमच्यासारख्यांनी हे जरा डोळे उघडून वाचावं.

आता घर. तिन्हीमध्ये मला घरच सगळ्यात आवडलं. १७७९ चं, उंच आणि अरुंद, जिना चढायची तयारी ठेवा, गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश. वेस्ली इथे मुख्यतः हिवाळ्यात असायचा कारण बाकी वेळ रस्त्यावर. खोल्या मोठ्या नाहीत. एका खोलीत एक विचित्र खुर्ची आहे, उंच, सीटच्या आत फळ्या आणि स्प्रिंगा, वर बसून उड्या मारायच्या, म्हणजे पावसापाण्यात बाहेर घोड्यावर जाता आलं नाही तर घरात बसून घोडेस्वारीचा व्यायाम. ऐंशी वर्षांचा रेव्हरंड त्याच्यावर बसून वर-खाली होतोय हे डोळ्यासमोर आणा. एक मोठी चहाची किटली आहे वेजवुड या नावाजलेल्या चिनीमातीच्या कंपनीची, तिच्यावर एका बाजूला जेवणाआधीची प्रार्थना आणि दुसऱ्या बाजूला जेवणानंतरची. आणि याच माणसाने १७४६ मध्ये चहा सोडला होता, चहाचे पैसे वाचवून गरिबांना द्या असं लोकांनाही सांगत सुटला होता, पुढे परत प्यायला लागला. कोण कोणाला सोडतंय, चहा आहे तो.

सगळ्यात जास्त वेळ मी थांबलो ते विजेच्या मशीनपाशी. काचेचं नळकांडं, हँडल फिरवायचं, घर्षणाने वीज तयार होते आणि पेशंटला हलका झटका. १७५६ च्या सुमाराला त्याने लंडनमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी अशी मशीनं ठेवून गरिबांना फुकट उपचार सुरू केले, आणि त्याला मनापासून वाटायचं की हे स्वस्त आणि रामबाण औषध आहे. त्याच्या घरगुती औषधांच्या पुस्तकाचा किस्सा तर वेगळाच. १७४७ मध्ये काढलं, डॉक्टर परवडत नाही अशांसाठी, त्याच्या हयातीतच वीसच्या वर आवृत्त्या निघाल्या. त्यात टक्कल पडलं तर सकाळ-संध्याकाळ कांदा चोळा, लाल होईपर्यंत, आणि मग मध लावा. कांद्याच्या रसाचं तेल बाटलीत भरून विकणाऱ्यांनी वेस्लीला रॉयल्टी द्यायला हवी. दम्याला पंधरा दिवस फक्त उकडलेली गाजरं. कृपया करून बघू नका. पण त्याच पुस्तकात स्वच्छता, मोजकं खाणं, चालणं, थंड पाणी यावर इतका भर आहे की बाकीचं माफ.

स्वतःच्या पैशाचं काय ते पण बघा. ऑक्सफर्डमध्ये वर्षाला ३० पौंड मिळायचे, २८ मध्ये भागवून २ दान. पुढच्या वर्षी ६० मिळाले, खर्च २८, दान ३२. मग ९०, खर्च २८ च. पगारवाढ झाली की गाडीचं मॉडेल बदलणाऱ्या माणसाला (मला) हे वाचून जरा अस्वस्थ व्हायला होतं. पुस्तकांतून भरपूर कमावलं आणि जवळपास सगळं देऊन टाकलं. १७७६ मध्ये करवाल्यांनी पत्र पाठवलं की तुमच्याकडे चांदीची भांडी असणार, जाहीर करा. उत्तर काय दिलं, माझ्याकडे लंडनला दोन चांदीचे चमचे आहेत आणि ब्रिस्टलला दोन, आणि आजूबाजूला लोकांना भाकरी मिळत नाही तोपर्यंत आणखी घेणार नाही. करखात्याला असं उत्तर!

आणि जानेवारी १७८५. वय ८१. मंडळीतल्या गरिबांना दर हिवाळ्यात कोळसा आणि पाव वाटायचे, त्या वर्षी त्याच्या लक्षात आलं की यांना कपडे पण नाहीत. मग पाच दिवस लंडनच्या रस्त्यांवर पायी फिरून दारोदार मागितलं आणि २०० पौंड जमवले. रस्त्यात वितळलेला बर्फ, घोट्यापर्यंत, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाय त्या पाण्यात भिजलेले असं डायरीत लिहिलंय. नंतर पोट बिघडून आजारी पडला. तोपर्यंत तो देशभर नावाजलेला माणूस होता, चिठ्ठी पाठवली असती तरी लोकांनी पैसे पाठवले असते. मी फंड मागायला फोनसुद्धा दुसऱ्याला करायला लावतो.

आता तो अर्धा स्टार. तो मी कापलाय त्याच्या बायकोच्या वतीने. १७५१ मध्ये लंडन ब्रिजवर बर्फावरून घसरून पाय दुखावला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मॉली व्हझेल या विधवेशी लग्न. लग्नानंतर बायकोसाठी एक प्रवचन कमी करणार नाही की एक प्रवास कमी करणार नाही असा बाणा. तिचं वागणं पण काही सोपं नव्हतं, संशय, पत्रं उघडणं वगैरे, पण घरी कधी नसलेला आणि दुसऱ्या बायकांना लांबलचक आध्यात्मिक पत्रं लिहिणारा नवरा असेल तर काय होणार. १७७१ मध्ये ती घर सोडून गेली तर याने डायरीत लॅटिनमध्ये लिहिलं की मी तिला सोडलं नाही, हाकललं नाही, आणि परत बोलावणारही नाही. ती १७८१ मध्ये गेली आणि याला कळलं तेव्हा तिचं दफनही उरकलेलं होतं. मागायला आलेल्या परक्या गरिबाकडे कसं बघायचं याचे नियम लिहिणारा माणूस! समाजसेवेतल्या मोठ्या माणसांच्या घरी हा प्रकार काही इंग्लंडपुरता नाही, नावं घ्यायला नको, तुमच्याही डोळ्यासमोर आलीच असतील. किंग्जवूडला मुलांची शाळा काढली १७४८ मध्ये, तिथे मुलांनी पहाटे चारला उठायचं, सुट्टी नाही, खेळ नाही. यासाठी अजून पाव स्टार कापणार होतो पण सोडून दिला.

पुढारी म्हणून बघायचं तर थोडा हुकूमशहाच. १७४४ पासून दरवर्षी प्रचारकांची परिषद भरवायचा पण निर्णय शेवटी त्याचाच. कोण कुठल्या सर्किटवर (प्रचारकाने फिरायचा गावांचा पट्टा) जाणार हे तोच ठरवणार आणि एका जागी फार काळ कोणाला बसू द्यायचा नाही. बायकांना बोलायची परवानगी मात्र हळूहळू दिली, १७७१ मध्ये प्रवचन करणाऱ्या मेरी बोसँक्वेटला लिहिलं की तुला आलेलं देवाचं बोलावणं खास आहे. आणि १७८४ मध्ये दोन मोठ्या गोष्टी केल्या. एक, आपल्यामागे संस्था कोण चालवणार याचा कायदेशीर दस्तऐवज, शंभर प्रचारकांची नावं घालून. किती संस्था संस्थापकाबरोबर संपतात बघा, हा माणूस हयातीत कागद करून गेला. दुसरं, अमेरिकेत पाळक मिळत नव्हते म्हणून स्वतः बिशप नसताना (दीक्षा द्यायचा हक्क बिशपचा) स्वतःच दीक्षा देऊन माणसं पाठवली. यावर भाऊ चार्ल्स भयंकर चिडला. इतका की १७८८ मध्ये वारला तेव्हा सिटी रोडच्या आवारात पुरून घ्यायलाही नकार, आपल्या पॅरिश चर्चच्या अंगणातच पुरा म्हणाला, तशी सोय मॅरिलबोनला झाली. गंमत म्हणजे जॉन स्वतः शेवटपर्यंत मी चर्च ऑफ इंग्लंडचाच पाळक म्हणत राहिला आणि वेगळा पंथ झाला तो त्याच्या मागे.

झोपायची खोली आणि तिला लागून छोटीशी प्रार्थनेची खोली वरच आहे. त्या झोपायच्या खोलीत २ मार्च १७९१ ला तो गेला, वय ८७. त्याच्या सहा दिवस आधी खासदार विल्यम विल्बरफोर्सला पत्र लिहिलं, गुलामांचा व्यापार बंद करायची तुमची लढाई सोडू नका म्हणून, आणि त्यात सांगितलं की सकाळीच एका आफ्रिकन माणसाने लिहिलेलं पुस्तक वाचत होतो. गुलामगिरीविरुद्ध त्याने १७७४ मध्येच पुस्तिका काढली होती, तेव्हा हा विषय फॅशनमध्ये नव्हता. मृत्युपत्रात लिहिलं की मला खांदा द्यायला सहा गरीब माणसं घ्या आणि प्रत्येकाला वीस शिलिंग द्या. वीस शिलिंग म्हणजे कर्जफंडाची सुरुवातीची मर्यादा, खजिनदाराच्या नजरेतून हे सुटत नाही. गर्दी होऊ नये म्हणून पहाटे पाचला दफन केलं, कबर चॅपलच्या मागे आहे, तिकडे जायला विसरू नका, बरेच लोक समोरचा पुतळा बघून परततात.

चॅपलबद्दल थोडक्यात. जॉर्ज डान्स धाकटा याचं डिझाइन. वेस्लीने उद्घाटनाच्या वेळी डायरीत लिहिलेलं की नीटनेटकं आहे, भपकेबाज नाही. आता मात्र बऱ्यापैकी भपका आहे. पहिले खांब जहाजाच्या डोलकाठ्यांचे होते, तिसऱ्या जॉर्ज राजाने दिलेल्या, ते १८९१ मध्ये काढून परदेशातल्या मेथडिस्ट मंडळ्यांनी दिलेले जास्पर या रंगीत दगडाचे खांब बसवले. सुंदर आहेत, पण मला डोलकाठ्याच बऱ्या वाटल्या असत्या. आजही इथे नेहमीची उपासना होते, जगभरचे लोक मंडळीत आहेत, त्यामुळे उपासना चालू असताना कॅमेरा घेऊन घुसू नका.

पुरुषांसाठी एक टीप, टॉयलेटला जाऊनच या. मी गंमत करत नाहीये, १८९९ मधलं, थॉमस क्रॅपरच्या कंपनीच्या टाक्या, संगमरवर, लाकूड, सगळं जसंच्या तसं. लोक खास बघायला येतात. माझ्या बायकोला बाहेर थांबून फोटोवर समाधान मानावं लागलं.

रस्ता ओलांडला की समोर बनहिल फील्ड्स हे जुनं कब्रस्तान, तिथे वेस्लीची आई सुझाना आहे, शिवाय डीफो, बनियन, ब्लेक हे इंग्रजी लेखक-कवी. तेवढं पण करून घ्या, पंधरा-वीस मिनिटांत होतं.

लहान मुलांना घेऊन जायचं तर घर दाखवा, ती खुर्ची आणि विजेचं मशीन त्यांना आवडेल, म्युझियममध्ये वाचायचं जास्त आहे, कंटाळतील. मोठ्यांनी सुद्धा घर आधी आणि म्युझियम नंतर करा, कारण उलटं केलं तर पाय दुखायला लागल्यावर तो जिना समोर येतो. घराच्या वेळा चॅपलपेक्षा वेगळ्या असू शकतात, निघायच्या आधी त्यांच्या साइटवर बघा. आणि कुठल्या संस्थेचे, मंडळाचे, सोसायटीचे हिशोब तुमच्या गळ्यात असतील तर वही-पेन घेऊन जा.